उत्कलनबिंदूवरून उंची : एका उपकरणाचे नाव व त्याचा इतिहास

पर्वताची उंची जाणण्यासाठी पाणी उकळावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. तिच्यामागील तत्त्व मात्र सरळ आहे. बाष्पाचा दाब सभोवतालच्या वायुदाबाइतका झाला म्हणजे पाणी उकळू लागते. जसजसे उंच जावे तसतसा वायुदाब घटतो व उत्कलनबिंदूही खाली येतो. समुद्रसपाटीस १०० अंश सेल्सिअसला उकळणारे पाणी सुमारे ३,६५० मीटर उंचीवरील ल्हासा येथे ८८ अंशांच्या आसपास उकळते.

उत्कलनबिंदू वायुदाबानुसार बदलतो, हे फॅरनहाइटने १७२४ मध्ये नमूद केले. या तत्त्वावर उंची मोजण्याचे उपकरण विल्यम हाइड वोलस्टन याने १८१७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले व त्यास ‘औष्णिक वायुदाबमापक’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे फ्रान्समध्ये रेन्यो याने वाफेच्या दाबाची सूक्ष्म कोष्टके सिद्ध केली, आणि त्यायोगे या पद्धतीस भक्कम आधार मिळाला. सुधारलेल्या उपकरणात तापमापकाचा फुगा पाण्यात न बुडविता वाफेत ठेवीत. कारण पाण्यात क्षार मिसळलेले असल्यास त्याचे तापमान बदलते, वाफेचे तापमान मात्र दाबावरच अवलंबून राहते.

या उपकरणास रूढ झालेले ‘हिप्सोमीटर’ हे नाव उंची व माप या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे. भाषेच्या अभ्यासकास या दोन नावांतील भेद उद्बोधक वाटेल. वोलस्टनचे नाव क्रिया सांगते : उष्णता पाहावयाची व तिजवरून दाब ठरवावयाचा. रूढ नाव केवळ फल सांगते. वस्तुतः उपकरण उंची दाखवीतच नाही. तापमानावरून कोष्टकाने दाब, आणि त्या दाबाची ज्ञात उंचीच्या स्थळावरील दाबाशी तुलना करून, हवेचे तापमान लक्षात घेऊन, गणिताने उंची, अशा पायऱ्या मध्ये आहेत. तापमान वाचताना फॅरनहाइटच्या एका अंशाची चूक झाली, तर उंचीत सुमारे ५५० फुटांचा फरक पडतो.

या मधल्या पायऱ्यांचे महत्त्व तिबेटच्या सर्वेक्षणात विशेष स्पष्ट होते. पाऱ्याचा वायुदाबमापक लांब काचेच्या नळीचा, म्हणून फुटण्याजोगा व लपविण्यास अशक्य. परकीयांस तिबेटचे दरवाजे बंद असल्यामुळे मंटगमरी या सर्वेक्षण अधिकाऱ्याने हिमालयातील रहिवाशांस या कामासाठी शिक्षण देवविले. त्यांपैकी कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातील शिक्षक नैनसिंह रावत १८६५ मध्ये काठमांडूहून निघाले व जानेवारी १८६६ मध्ये ल्हासास पोहोचले. १०८ ऐवजी १०० मण्यांच्या जपमाळेवर ते पावले मोजीत. प्रार्थनाचक्रात टिपणे व पोकळ काठीत तापमापक लपविलेला असे. चहासाठी पाणी उकळणाऱ्या यात्रेकरूचा कोणास संशय यावा?

वेधांवरून गणित करण्याचे शिक्षण मात्र या पंडितांस हेतुतः दिले जात नसे. निष्पत्ती ठाऊक नसल्यास बनावट वेध रचता येणार नाहीत, असा त्यामागील विचार होता. म्हणजे जिवावर उदार होऊन जो तापमापक वाची, त्यास आपण किती उंचीवर उभे आहोत हे समजत नसे. ते सर्वेक्षण खात्यातील गणिताने ठरे. १८६८ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात हा वृत्तांत मंटगमरीच्या नावे प्रसिद्ध झाला. त्यात प्रवाशाचा निर्देश केवळ ‘पंडित’ असा होता. गुप्ततेसाठी तसे करणे त्या वेळी अवश्य होते, हे मान्य केले पाहिजे. १८७७ मध्ये त्याच सोसायटीने नैनसिंहांस सुवर्णपदक दिले, ते त्यांच्या नावाने.

अविश्वासातून उद्भवलेल्या या विभागणीचा एक परिणाम असा की, नैनसिंहांच्या वेधांची विश्वसनीयता वाढली. अपेक्षित उत्तराकडे वेध झुकविण्याची सोयच त्यांना नव्हती. त्या काळच्या नकाशांवरील तिबेटातील उंचीचे आकडे वाचताना ‘हिप्सोमीटरने मोजलेली उंची’ एवढे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. त्या आकड्यात वाफेचे तापमान, रेन्योसारख्यांची कोष्टके आणि दूरच्या कचेरीतील गणित यांबरोबरच, बोचऱ्या थंडीत पाऱ्याची रेषा प्रामाणिकपणे वाचणारा एक मनुष्यही आहे. इतिहासलेखकाने त्याची नोंद आकड्याशेजारीच करावी.