कॉबलरवरचं बिस्किट फुगतं कसं?

मागच्या पावसाळ्यात हॉस्टेलच्या ओटीजीत मी पीचचं कॉबलर केलं आणि ते सपशेल बसलं. खाली फळं छान शिजलेली, वर मात्र पांढरट, चिकट चपाती. फॉस्फेट क्षारांवर पीएच.डी. करणाऱ्या मुलीला ही जरा लाजेचीच गोष्ट, कारण घोळ फॉस्फेटच्याच डब्यात होता. तिकडे येते, पण आधी थोडा इतिहास.

कॉबलर हा अमेरिकन पदार्थ. खोलगट भांड्यात साखर घातलेली फळं, वर पिठाचा थर, आणि मग भट्टी. थर बिस्किटाचा म्हटल्यावर तुम्हाला चहात बुडवायचं बिस्किट आठवेल. ते नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेत बिस्किट म्हणजे यीस्टशिवाय फुगवलेला छोटा, मऊ पाव. १८३९च्या 'द केंटकी हाउसवाइफ' या लेटिस ब्रायनच्या पुस्तकात कॉबलर हे नाव सापडतं, पण तिथे वर पायसारखं लाटलेलं आवरण आहे. मग फुगणारं बिस्किट आलं कुठून?

यीस्ट नाही तर पिठात हवा भरायची कशी? एक जुनं उत्तर होतं, कणीक बडवायची. लाकडी मोगरीने नाहीतर कुऱ्हाडीच्या दांड्याने, अर्धा तास, कधी त्याहून जास्त. दक्षिणेतल्या मळेवाल्यांच्या घरी तो दांडा गुलाम बायापुरुषांच्या हातात असायचा. ॲबी फिशर त्यांतलीच एक. स्वातंत्र्य मिळाल्यावर तिने १८८१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पाककृतींचं पुस्तक काढलं, तेही तोंडी सांगून, कारण लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यातली पहिलीच पाककृती आहे 'मेरीलँड बीट बिस्किट'.

दुसरं उत्तर चुलीतच होतं. लाकडाची राख पाण्यात भिजवायची, निवळी आटवायची की पोटॅश. तो भाजला की पर्लॲश, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट (आपल्या पापडखाराचा भाऊबंदच). अमेरिकेचं पहिलं पेटंट, ३१ जुलै १७९०चं, हेच करण्याच्या पद्धतीवर सॅम्युएल हॉपकिन्सला मिळालं, आणि त्यावर सही खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनची! १७९६मध्ये अमेलिया सिमन्सच्या 'अमेरिकन कुकरी'त पर्लॲश थेट पिठात आला. आम्लाशी गाठ पडली की तो कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि तो वायू पीठ उचलतो. बाहूंचं काम अभिक्रियेने केलं.

पुढे खायचा सोडा आला. त्याचं दुखणं असं की त्याला आम्ल लागतं, आणि आम्ल म्हणजे घरचं ताक, आज आंबट तर उद्या गोड. आम्ल कमी पडलं की सोडा उरतो आणि साबणासारखी चव येते. क्रीम ऑफ टार्टर भरवशाचं, पण ते वाइनच्या पिंपांत साचणारं, युरोपातून आणावं लागे.

इथे माझा आवडता माणूस येतो. एबेन हॉर्सफर्ड, हार्वर्डचा रसायनशास्त्रज्ञ, जर्मनीत लीबिगच्या हाताखाली शिकलेला. जनावरांच्या हाडांवर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून त्याने कॅल्शियमचा आम्लधर्मी फॉस्फेट काढला. १८५६मध्ये पेटंट मिळालं. हा फॉस्फेट आणि सोडा मापून एकत्र केले, ओल शोषायला मक्याचा स्टार्च घातला की बेकिंग पावडर तयार. ताक कसंही असो, बिस्किट फुगणार. आज 'अस्सल घरगुती' म्हणून मिरवणाऱ्या कॉबलरवरचा मऊ थर असा हाडं, आम्ल आणि कारखान्यातून आलाय. मला त्यात काही वावगं वाटत नाही. मोगरी कुणाच्या हातात होती हे कळल्यावर तर नाहीच.

आता माझं बसलेलं कॉबलर. झाकण नीट न लागलेल्या डब्यात पावसाची ओल गेली, सोडा आणि फॉस्फेट डब्यातच भेटले, आणि वायू ओव्हनमध्ये जाण्याआधीच उडून गेला. तुम्ही करणार असाल तर आधी चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली तरच वापरा. आणि बिस्किटाचे गोळे गार फळांवर नको, उकळत्या रसावर ठेवा, नाहीतर तळ कच्चा राहतो. दुसऱ्यांदा मी हेच केलं. पातेलं रात्री दहापर्यंत रिकामं होतं.