ऑनलाइन वंशावळ आणि हयात नातेवाईक

छापील कुलवृत्तांत बहुधा घराण्यातल्या मंडळींच्याच कपाटात राहत असे. त्यामुळे जन्मतारीख, माहेरचे नाव, पत्ता, फोन सारे त्यात निर्धास्तपणे छापले जाई. इंटरनेटवरची वंशावळ मात्र कोणीही वाचू शकतो. फोनवरून खातेदाराची ओळख पटवताना जन्मतारीख व आईचे माहेरचे आडनाव विचारण्याची पद्धत बँकांत आहे. वंशावळीत ही दोन्ही उत्तरे शेजारीशेजारी सापडतात. आई दिवंगत असली तरी धोका तोच, कारण खाते मुलांचे असते.

म्हणून एवढे पाळावे :

१. हयात व्यक्तीचे नाव व तारीख न देता त्या जागी फक्त ‘हयात’ लिहावे.

२. मृत्यूची नोंद नसल्यास व्यक्ती हयात समजावी. ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर अशा वेळी जन्मानंतर 110 वर्षांपर्यंत व्यक्ती हयात धरतात.

३. मुलांचे बारशा-मुंजीचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नयेत.

४. दत्तकविधान, घटस्फोट, आजारपण यांचा उल्लेख संबंधितांच्या संमतीनेच करावा.

संपूर्ण वंशावळ घरच्या वहीत जरूर ठेवावी. पुढच्या पिढीला ती तिथून मिळेलच.