शनवार तेल्यांचा एक ईश्वर

आपल्या दरेकस्याच्या रुळांवरून मुंबईला जाणारी गाडी शेवटच्या टर्मिनसच्या अगदी आधी 'मस्जिद' नावाचे स्थानक ओलांडते. हे नाव एखाद्या मुस्लिम मशिदीवरून पडले असावे, असे आपल्याला सहज वाटते. पण त्याचा संबंध तिथल्या सॅम्युअल स्ट्रीटवरच्या यहुदी प्रार्थनागृहाशी जोडला जातो. ते सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. मराठी बोलणारे बेने इस्राईल लोक आपल्या प्रार्थनागृहाला 'मशीद'च म्हणत.

या समाजाची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले, पुढे हिब्रू भाषाही विसरली गेली. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. इतके सगळे हरवूनही शनिवारची विश्रांती, सुंता आणि 'शेमा' ही प्रार्थना मात्र त्यांच्याजवळ टिकली.

यहुदी श्रद्धेचा गाभा याच शेमामध्ये आहे. ईश्वर एकच आहे, ही तिची साक्ष. ती सकाळ-संध्याकाळ म्हटली जाते, आणि चर्मपत्रावर लिहून घराच्या दारचौकटीवरही लावली जाते. शेमा म्हणजे 'ऐक'. अरबीतला 'समअ' हा शब्द त्याच धातूचा. 'एक' यासाठी हिब्रूत 'एहाद' आहे, तर सूरह इख्लासमध्ये 'अहद'. दोन्ही भाषा सख्ख्या बहिणींसारख्या आहेत.

या श्रद्धेची नीट मांडणी बाराव्या शतकात मूसा बिन मैमून यांनी केली. ते कुर्तुबात जन्मलेले यहुदी विद्वान आणि हकीम. त्यांनी श्रद्धेची तेरा तत्त्वे सांगितली, तीही अरबी भाषेत. त्यांतली पहिली पाच ईश्वराविषयी आहेत : तो आहे आणि सर्वांचा निर्माता आहे, तो एक आहे आणि त्याच्यासारखे एकत्व दुसऱ्या कशाचेही नाही, त्याला शरीर नाही, तो अनादी आहे, आणि उपासना फक्त त्याचीच करायची, मध्यस्थ नको. तौहीद आणि शिर्क हे शब्द माहीत असलेल्या वाचकाला यातले काहीच परके वाटणार नाही.

फरकही स्पष्ट सांगायला हवेत. ईश्वराने बनी इस्राईलशी करार केला आणि हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांच्या हाती तौरात दिली, हा त्यांच्या श्रद्धेचा कणा आहे. हजरत ईसा (अलैहिस्सलाम) आणि आपले पैगंबर (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) यांना ते पैगंबर मानत नाहीत. ईश्वराचे चार अक्षरी नाव ते उच्चारत नाहीत. त्याऐवजी 'अदोनाय', म्हणजे 'माझा प्रभू', म्हणतात.

आता मूसा बिन मैमून यांच्या आयुष्यातली एक गोष्ट. ११४८ च्या सुमारास कुर्तुबा अल-मुवह्हिदून या मुस्लिम घराण्याच्या ताब्यात गेले. या नावाचा अर्थच 'तौहीद मानणारे'. त्यांच्या राजवटीत यहुद्यांवर धर्म सोडण्याची सक्ती झाली आणि मूसा यांच्या कुटुंबाला गाव सोडावे लागले. शेवटी इजिप्तमध्ये त्यांना आसरा मिळाला, आणि पुढे तिथेच सुलतान सलाहुद्दीनच्या राज्यात मानही मिळाला. पुढे त्यांना मुसलमानांच्या श्रद्धेविषयी विचारले गेले, तेव्हा त्यांनी लिहून कळवले, की मुसलमान मूर्तिपूजक नाहीत आणि ईश्वराच्या एकत्वावरची त्यांची श्रद्धा निर्भेळ आहे. ज्यांच्या सत्तेने बेघर केले, त्यांच्या तौहीदची साक्ष देताना त्यांनी काटा हलू दिला नाही.

आज पॅलेस्टाईनमधल्या बातम्या पाहून आपले मन जळते, आणि ते जळायलाच हवे. अन्यायाला अन्यायच म्हणावे. पण त्या रागात आपण एका सरकारचा हिशेब एका धर्माच्या नावावर मांडू लागलो, तर मूसा बिन मैमून यांनी आपल्याला जो न्याय दिला, तो आपण त्यांच्या लोकांना नाकारतो. कुरआनने अहले किताबला ज्या समान गोष्टीकडे बोलावले, ती हीच : एका अल्लाहशिवाय कोणाचीही इबादत न करणे. कोकणातल्या घाण्यावर ती गोष्ट शतकानुशतके मराठी घरांत जपली गेली. मुंबईत भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत आज बहुसंख्य मुले मुस्लिम आहेत. ती शाळा यहुद्यांनी काढली, हे त्या मुलांना आणि आपल्या मुलांनाही माहीत असायला हवे.