सीटखालचा डबा: जुन्या मोटरसायकलींचा एअरबॉक्स आणि पॉड फिल्टर

आपल्याकडे जुन्या मोटरसायकलींची हौस वाढते आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. अडगळीत पडलेल्या जावा, येझदी, राजदूत ३५० बाहेर निघतात, त्यांना रंग चढतो, क्रोम चढतो. पण अशा बऱ्याच गाड्यांवर एक वस्तू गायब असते. ती म्हणजे एअर फिल्टरचा मूळ डबा, अर्थात एअरबॉक्स. त्याच्या जागी कार्ब्युरेटरच्या तोंडाला थेट अडकवलेला शंकूसारखा पॉड फिल्टर दिसतो. टाकी, दिवा, बॅज यांवर आपण तासन्‌तास बोलतो, या डब्यावर मात्र सहसा कोणी बोलत नाही. म्हणून हे टिपण.

अगदी सुरुवातीच्या मोटरसायकलींना फिल्टर नसायचाच. कार्ब्युरेटरचं तोंड उघडं, हवा थेट आत. धुळीचं महत्त्व ठसठशीतपणे कळलं ते दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटिश लष्कराची बीएसए एम२० उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात गेली, तेव्हा वाळूने सिलिंडर घासले जाऊ नयेत म्हणून तिच्या टाकीवर व्होक्स कंपनीचा मोठा फिल्टर बसवला गेला. दिसायला ओबडधोबड, पण इंजिन वाचवणारा.

युद्धानंतर इंग्लंडमध्ये उलटा प्रवाह आला. लंडनच्या एस कॅफेसारख्या अड्ड्यांवर जमणाऱ्या तरुणांना शर्यतीच्या गाडीसारखी गाडी हवी होती. बीएसए गोल्ड स्टारच्या अमल जीपी कार्ब्युरेटरला तर नुसता कर्ण्यासारखा उघडा तुतारीचा तुकडा असे. 'फिल्टर काढला की गाडी पळते' हा समज तिथून पसरत गेला. पुढे १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात के अँड एन ही फिल्टर कंपनी उभी राहिली. तेलात भिजवलेल्या सुती जाळीच्या फिल्टरसाठी ती प्रसिद्ध झाली. उघडं तोंड आणि बंद डबा यांच्यामधला मार्ग म्हणून असे शंकूच्या आकाराचे फिल्टर मग जगभर गेले.

आता आपल्याकडे येऊ. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि १९६१ मध्ये त्याच राज्यात, म्हैसूर शहरात, आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. जावा आणि १९७३ नंतरची येझदी म्हणजे एका अर्थी आपल्याच राज्याच्या गाड्या. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहा आरडी३५० ही राजदूत ३५० नावाने आणली. ३४७ सीसीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. मूळ जपानी गाडीची ताकद ३९ अश्वशक्तीच्या घरात, इथल्या 'हाय टॉर्क'ची साधारण ३०.५ आणि नंतरच्या 'लो टॉर्क'ची २७. ही कमी झालेली ताकद परत मिळवायची, या ओढीने अनेकांनी पहिला हात घातला तो एअरबॉक्सला.

दुसरं कारण अगदी साधं आहे. डबा आणि कार्ब्युरेटर यांना जोडणारं रबर वर्षांनी कडक होतं, तडकतं. कारखाना बंद, सुटा भाग मिळत नाही. पॉड मात्र दुकानात मिळतो आणि क्लिप आवळली की काम झालं. डबा मग भंगारात जातो.

हा डबा नुसतं धूळ अडवायचं झाकण नाही, हे इथे समजून घ्यायला हवं. इंजिन हवा धक्क्याधक्क्याने ओढतं. डब्यातल्या शांत हवेमुळे ते धक्के निवतात, आवाज दबतो आणि कार्ब्युरेटरला सारखी हवा मिळते. कारखान्याने जेटचे नंबर ठरवले ते हा डबा गृहीत धरून. डबा काढला की हवा जास्त येते, पेट्रोल मात्र तेवढंच राहतं. मिश्रण 'लीन' होतं, इंजिन तापतं, पिस्टन जाम होतो. जावा-येझदीत तर ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी.

म्हणून जाणता मेस्त्री पॉड बसवला की मेन जेट मोठा करतो, सुई वर घेतो आणि प्लग काढून रंग बघतो. तपकिरी असेल तर ठीक, पांढरा पडला तर धोका, काळा असेल तर पेट्रोल जास्त. राजदूतला दोन कार्ब्युरेटर, म्हणजे ही कसरत दोनदा, आणि दोन्हीकडे सारखी. एवढं करूनही सायलेन्सर तोच ठेवला तर फरक बहुतेक वेळा वेगात कमी आणि आवाजातच जास्त जाणवतो. त्यात आपल्याकडचा पावसाळा. डब्यातला फिल्टर कोरडा राहतो, उघडा पॉड भिजतो आणि गाडी भर रस्त्यात खोकायला लागते.

मग पॉड लावूच नये का? तसं म्हणता येणार नाही. १९८० च्या दशकात कोणी हौसेने बसवलेला पॉड हासुद्धा त्या गाडीचा इतिहासच आहे. पण मूळ डबा गेला की गाडी धुळीच्या रस्त्यांसाठी, पावसासाठी, मायलेजसाठी कशी बांधली होती याचा पुरावाच जातो. रंग पुन्हा देता येतो, डबा पुन्हा मिळणं कठीण.

तेव्हा जुनी गाडी बाळगणाऱ्यांना एवढंच सांगणं: पॉड लावायचा तर लावा, पण चौकटीला कापाकापी करू नका. डबा, रबर आणि जुने जेट एका पिशवीत घालून, वर गाडीचा नंबर लिहून जपून ठेवा. मूळ जेटचे नंबर आणि केलेला बदल वहीत टिपून ठेवा. आपल्या भागातल्या गाड्यांची नोंद करणाऱ्यांनीही इंजिन आणि चासी नंबरांबरोबर 'एअरबॉक्स मूळ आहे की नाही' असा एक रकाना वाढवावा. वयस्क मेस्त्री अजून आहेत तोवर त्यांच्याकडून ही माहिती भरून घेतलेली बरी.