फाटक्या आवाजाच्या मागावर

१९६० साल सरत आलंय. नॅशव्हिलमधल्या ओवेन ब्रॅडलींच्या स्टुडिओत, कंट्रोल रूममध्ये, तुम्ही इंजिनिअर ग्लेन स्नॉडींच्या पाठीमागे उभे आहात. काचेपलीकडे मार्टी रॉबिन्स गातोय. गाणं संथ, साधं, मनाची समजूत घालणारं. मधला तुकडा येतो, ग्रेडी मार्टिन सहा तारांच्या बास गिटारवर सोलो धरतो आणि तुम्ही दचकून स्पीकरकडे बघता. आवाज फाटलाय.

मार्टिनची बोटं ठीक आहेत, ताराही ठीक आहेत. बिघडलाय तो कन्सोल. ज्या चॅनेलमधून त्याची बास येतेय, तिथला ट्रान्सफॉर्मर दगा देतोय. असा टेक एरवी टाकूनच देतात. इथे तो ठेवला जातो, आणि मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सर्वांत धाडसी निर्णय हाच. नंतर कितीतरी हुशार माणसांनी हुशार सर्किटं रचली. पण खराब झालेला आवाज ऐकून ‘राहू दे’ म्हणायला वेगळाच कान लागतो. हे गाणं, ‘डोन्ट वरी’, १९६१ साली बाजारात येतं, अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिलं आणि पॉपच्या यादीत तिसरं जातं.

निघण्याआधी तो तुकडा पुन्हा एकदा ऐका. तार छेडली की विजेची लाट गोलाईनं वर जाते, गोलाईनं खाली येते. बिघडलेल्या चॅनेलमध्ये तिचा माथा आणि तळ छाटला जातोय. वर सपाट, खाली सपाट. या छाटणीतून मूळ सुराच्या वरचे कितीतरी उपस्वर जन्माला येतात, म्हणून एकट्या बासला पितळी वाद्याची धार चढते. आणखी एक गोष्ट होते. तारेचं कंपन विझत चाललेलं असतं, पण लाट छाटणीच्या रेषेच्या वर आहे तोवर बाहेर पडणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो. म्हणून सूर लांबतो.

दोनेक वर्षं पुढे या. तोच आवाज आम्हालाही हवा, असं म्हणत लोक स्नॉडींकडे आले तेव्हा कन्सोलचा तो भाग पुरता बंद पडला होता. मेलेला बिघाड परत कसा आणायचा? रेडिओ इंजिनिअर रेव्हिस हॉब्सना सोबत घेऊन स्नॉडी तो ट्रान्झिस्टरवर नव्यानं बांधतात आणि गिब्सन कंपनीला देतात. १९६२ साली ‘माएस्ट्रो फझ-टोन’ दुकानात येतो. फझ म्हणजे हाच फाटका आवाज. हातात घ्या. उतरत्या पाचरीसारखी पेटी, वर पायानं दाबायचं बटण. आत जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर आणि दीड-दीड व्होल्टचे दोन सेल. नॉबही दोनच, एक व्हॉल्यूमचा, दुसरा ‘अटॅक’चा. जाहिरात सांगते, या पेटीनं गिटार सॅक्सोफोनसारखी, ट्रम्पेटसारखी, चेलोसारखी वाजेल. लोकांना ते पटत नाही. पेट्या दुकानांत पडून राहतात.

त्या हलतात हॉलिवूडच्या आरसीए स्टुडिओत, १२ मे १९६५ला. कीथ रिचर्ड्स ‘सॅटिस्फॅक्शन’ची ती सुरावट माएस्ट्रोतून वाजवतो, तीही कच्चा आराखडा म्हणून. त्या जागी पुढे पितळी वाद्यं घालायची असं त्याच्या डोक्यात असतं. आराखडाच रेकॉर्ड होऊन बाजारात जातो आणि वर्ष संपेस्तोवर दुकानांतले माएस्ट्रो संपतात.

त्याच वर्षी लंडनच्या डेन्मार्क स्ट्रीटवर गॅरी हर्स्ट ‘टोन बेंडर’ नावाची फझची पेटी बांधतोय. तिथे फार रेंगाळू नका, कारण पुढचा मुक्काम मोठा आहे.

१९६६ संपतंय आणि लंडनमधल्याच आयव्हर आर्बिटरच्या दुकानात तुमच्या पायाशी पाच गोल डबे मांडलेत. मायक्रोफोन स्टँडच्या बैठकीवरून घेतलेला आकार. वरचे दोन नॉब डोळे, खाली हसरं तोंड. नाव ‘फझ फेस’. उलटा करून तळाची पत्री काढलीत तर थक्क व्हाल. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कॅपॅसिटर, नॉबांखालचे दोन पॉट आणि नऊ व्होल्टची बॅटरी. बस्स. एवढ्या थोड्या सामानात इतकं संगीत दडलेलं दुसरं यंत्र मला माहीत नाही.

आता एकेक डबा लावून वाजवा. पहिला दाट आणि गोड. दुसरा नुसता खरखरतो, सूर मध्येच तुटतो. तिसऱ्यात दम नाही. चौथा पुन्हा बरा. सर्किट तेच, रंग तोच, मग हे काय? दोष आहे आतल्या एनकेटी२७५ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांचा. जर्मेनियमच्या दोन तुकड्यांचा गेन, म्हणजे लाट मोठी करण्याची ताकद, सारखा निघेल याची खात्री नाही, त्यात प्रत्येकाची विजेची गळती वेगळी, आणि उष्णता वाढली की गळतीही वाढते. चांगल्या डब्यात दोघांची जोडी योगायोगानं जमलेली असते: पहिला कमी गेनचा, दुसरा जास्त. जिमी हेंड्रिक्स म्हणूनच ढिगातून वाजवून-वाजवून निवडायचा. १९६७च्या जानेवारीत त्याला भेटलेला रॉजर मेयर हा ब्रिटिश नौदलाच्या संशोधन विभागात काम केलेला माणूस. तो हे भाग मोजून, पारखून, बदलून त्याची पेडल जुळवू लागला. निवड कानाकडून मीटरकडे आली ती अशी.

पुढे सिलिकॉन आलं. ते तापमानाला फारसं बधत नाही, गेन भरपूर, आवाज जास्त धारदार. जर्मेनियमच खरं आणि बाकी सगळं नकली, असं काही जण शपथेवर सांगतात, ते मला पटत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६९च्या सुमारास माइक मॅथ्यूज आणि बॉब मायर यांनी चार सिलिकॉन ट्रान्झिस्टरांवर ‘बिग मफ’ उभा केला. त्याचा लांबलचक, भरीव सूर जर्मेनियमला जमणारा नाही.

आता आजच्या दिवसात उतरा. टेबलावर हव्या त्या रीतीनं जुळवता येणारं फझ पेडल आहे, झाकण उघडं. व्हॉल्यूम आणि फझ या जुन्या नॉबांशेजारी तीन नवे: बायस, व्होल्टेज, इनपुट. वर जर्मेनियम-सिलिकॉनचा स्विच. हे नॉब मला फार आवडतात, कारण त्यातला प्रत्येक कधीकाळी कुणाची तरी अडचण होता. व्होल्टेज खाली ओढा. सूर चिरकत, अडखळत येतो आणि शेवटी पटकन मरतो. मरायला टेकलेली बॅटरी तुम्ही बोटानं बोलावलीत. इनपुटच्या नॉबनं कॅपॅसिटर बदलतो. मूळच्या २.२ मायक्रोफॅरडमधून खर्ज सगळा आत येतो आणि जाड आवाजाच्या पिकअपच्या गिटारवर त्याचा चिखल होतो, ०.१ केला की तोच आवाज आवळून, स्पष्ट येतो.

बायसवर, म्हणजे सूर नसताना ट्रान्झिस्टरवर असणाऱ्या व्होल्टेजवर, मात्र वेळ घालवा. फझ फेसमध्ये त्या जागी ८.२ किलोओहमचा रेझिस्टर कायमचा सोल्डर केलेला असे, पुढे नशीब. इथे तो फिरवता येतो. मल्टिमीटरची एक पिन ग्राउंडला लावा, दुसरी दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. नॉब हळूहळू फिरवत आकडा उणे साडेचार व्होल्टच्या आसपास आणा; जुन्या सर्किटात पॉझिटिव्ह बाजू ग्राउंडला असते, म्हणून उणे. आता पहिला ट्रान्झिस्टर चिमटीत धरा. नुसत्या बोटाच्या उबेनं आकडा सरकू लागतो. सोडा, तो पुन्हा जागेवर यायला लागतो. आर्बिटरच्या दुकानातले पाच डबे पाच प्रकारे का वाजले, याचं अर्धं उत्तर तुमच्या चिमटीत होतं.

जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर कुठे मिळतील म्हणाल, तर आपल्याकडच्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंमध्ये स्पीकरला आवाज पुरवणारे एसी१२८ जर्मेनियमचेच. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनंही ते बनवले. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत विचारून पाहा. मिळाले की एक-दोन घेऊन चालायचं नाही. मूठभर घ्या, गेन आणि गळती मोजा, मग जोडी लावा.

आणि पेडल लावाल तेव्हा गिटारची वायर थेट फझमध्ये घाला, मध्ये बफर, म्हणजे सिग्नल पुढे ढकलणारं सर्किट, नको. मग गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहा-सातवर आणलात की फाट विरघळते आणि पेडल चालू असतानाच स्वच्छ आवाज येतो. नॉब कुठे ठेवले ते डब्याच्या मागे चिकटपट्टीवर लिहा आणि सोबत महिनाही लिहा. नागपुरात डिसेंबरच्या रात्री जुळवलेला बायस मे महिन्याच्या दुपारी चालणार नाही, तो पुन्हा फिरवावा लागेल.