आवर्तन, मिश्र विदासंग्रहांवरील
आवर्तन, मिश्र विदासंग्रहांवरील : संग्रहातील प्रत्येक घटकावर क्रमाने तीच क्रिया करणारी संगणकीय रचना. भिवंडीच्या यंत्रमागावर साध्या विणीत एकच क्रिया अखंड चालते, तद्वत. फोर्ट्रान (१९५७) भाषेत आवर्तन ‘डू’ या आज्ञेने होई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये बसविलेल्या सीडीसी ३६०० संगणकावर तिचा वापर होई. मात्र तिच्या अ‍ॅरेतील सर्व घटक एकाच प्रकारचे लागत. त्यामुळे गावांची नावे व मागांच्या संख्या निरनिराळ्या अ‍ॅरेंत ठेवाव्या लागत. एकीचाच क्रम बदलल्यास नाव एकाचे, संख्या दुसऱ्याची होई. मॅटलॅबच्या पाचव्या आवृत्तीतील ‘सेल अ‍ॅरे’मुळे मिश्र घटक एकत्र आले, परंतु प्रत्येक फेरीत प्रकार तपासावा लागल्याने गती मंदावते. विरल शाह हे सहनिर्माते असलेल्या जूलिया (२०१२) भाषेतही मिश्र संग्रहास ही किंमत मोजावी लागते.