आची त्रेत्सा : मासा, मच्छीमार आणि निवेदक

प्रादेशिक साहित्य शिकवताना एक विधान आपण सारेच सवयीने करतो : प्रदेश साहित्याला जन्म देतो. साहित्य त्या प्रदेशाला काय देते आणि त्याच्याकडून काय घेते, हा प्रश्न मात्र बहुधा तासिका संपेपर्यंत राहूनच जातो. सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावरील आची त्रेत्सा या मच्छीमार गावाचा इतिहास पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही.

कातानिया शहराच्या उत्तरेस, एटना ज्वालामुखीच्या सावलीत हे गाव आहे. समोर इओनियन समुद्रात काळ्या बेसाल्टचे उंच सुळके उभे आहेत. ते एटनाच्या परिसरातील अगदी आरंभीच्या, सुमारे पाच लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी घडामोडींचे अवशेष होत. लोकपरंपरा वेगळे सांगते. आंधळ्या झालेल्या पॉलिफीमस या एकाक्ष राक्षसाने पळून जाणाऱ्या ओडिसियसच्या गलबतावर भिरकावलेले हे खडक, असे ती मानते. याच राक्षसाच्या गॅलटियावरील प्रेमावर सिराक्यूजच्या थिओक्रिटसने काव्य रचले. पुढे ओव्हिडने त्यात आसिस हा तरुण आणला. त्याच्या रक्ताची नदी झाली आणि तिच्या नावावरून या भागातील अनेक गावांना 'आची' हे उपपद लाभले, अशी समजूत आहे. थोडक्यात, येथे वस्ती नांदती होण्याच्या कितीतरी आधी येथील दगडांना साहित्य मिळाले होते.

आजचे गाव आकाराला आले ते सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, एका सरदार घराण्याच्या जहागिरीचे बंदर म्हणून. 1693 च्या प्रलयंकारी भूकंपाने पूर्व सिसिली उद्ध्वस्त झाली, त्या पडझडीनंतर हा सारा किनारा पुन्हा उभा राहिला. उदरनिर्वाहाचा आधार होता तो अँचोव्हीचा, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातील चिमुकल्या मासळीचा. ती रात्री पकडायची, मिठात घालून पिंपात भरायची आणि भाव ठरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहात बसायचे, असा हा जीवनक्रम होता.

1861 मध्ये इटलीचे एकीकरण झाले, तेव्हा सिसिलीतील दहापैकी सुमारे नऊ माणसे निरक्षर होती. नव्या राष्ट्राची ओळख त्यांना झाली ती सक्तीच्या लष्करभरतीतून आणि करांतून. जोव्हान्नी वेर्गा (1840–1922) यांच्या 'ई मालाव्होल्या' (1881) या कादंबरीचा प्रारंभबिंदू नेमका हाच आहे. डिसेंबर 1863 मध्ये थोरला नातू न्तोनी नौदलात ओढला जातो, घरातले कमावते हात कमी होतात आणि म्हातारा पाद्रोन न्तोनी उधारीवर लुपिन नावाचे कडधान्य विकत घेऊन व्यापार करू पाहतो. 'प्रोव्हिदेन्त्सा' (ईश्वरी कृपा) असे नाव असलेली त्यांची नाव वादळात सापडते. मुलगा बुडतो, माल बुडतो, कर्ज तेवढे तरंगत राहते. दुसरा नातू 1866 च्या लिस्साच्या नाविक लढाईत मरतो, सून पटकीने जाते, अंगणात मेडलरचे झाड असलेले राहते घर सावकाराच्या घशात जाते.

या कादंबरीचे खरे धाडस निवेदनात आहे. लेखक बाजूला सरतो आणि गाव स्वतःच बोलू लागते : कुत्सितपणे, म्हणींतून, अफवांतून. पाऊस पडत नाही याचा दोष तारायंत्राच्या तारांना देणारे हे गाव आहे. भाषा इटालियन, पण वाक्यांची ठेवण सिसिलियन. तथापि एक विसंगती लक्षात घ्यायला हवी. वेर्गा हे कातानियाच्या जमीनदार कुटुंबातले. 1872 पासून त्यांचे वास्तव्य प्रामुख्याने मिलानमध्ये होते आणि पुस्तकही तेथेच प्रसिद्ध झाले. ज्यांच्या तोंडची भाषा त्यांनी घेतली, त्यांच्यापैकी बहुतेकांना ते वाचता येणे शक्य नव्हते. या अंतराची जाणीव वेर्गांना नव्हती असे नाही. 'फांतास्तिकेरिया' या त्यांच्या कथेतील उच्चभ्रू स्त्री आगगाडीतून आची त्रेत्सा पाहते आणि येथे महिनाभर राहावे असे तिला वाटते. प्रत्यक्षात ती अठ्ठेचाळीस तासांत कंटाळून निघून जाते. हा उपरोध लेखकाने अंशतः स्वतःवरही ओढवून घेतला आहे, असे मला वाटते.

सहा-सात दशकांनंतर मिलानच्याच एका उमराव घराण्यातील लुकिनो व्हिस्कोंती यांनी या कादंबरीच्या आधारे 'ला तेर्रा त्रेमा' (1948) हा चित्रपट केला. नट म्हणून गावातीलच माणसे घेतली. प्रसंग समजावून द्यायचा आणि 'हे तुम्ही कसे म्हणाल?' असे त्यांनाच विचारून संवाद सिद्ध करायचे, अशी पद्धत ठेवली. इटालियन ही सिसिलीतल्या गरिबांची भाषा नव्हे, असे चित्रपट आरंभीच बजावतो. गावाला अखेर स्वतःचा आवाज मिळाला, पण तो उर्वरित इटलीला कळेना. म्हणून त्यावर इटालियन निवेदन चढवावे लागले. वेर्गांनी मोठ्या कष्टाने हद्दपार केलेला निवेदक असा मागच्या दाराने परत आला.

मग गावाने स्वतः रचलेले, निवेदकाविना चालणारे असे काही आहे काय? आहे. 24 जून हा ग्रामदैवत संत योहानाचा उत्सव. त्यावेळी बंदरात 'उ पिशी अ मारी', म्हणजे 'समुद्रातला मासा', हे मूकनाट्य होते. मेसिनाच्या सामुद्रधुनीतील तलवारमाशाच्या शिकारीची ही नक्कल. एक पोहणारा मासा होतो, काही जण नावेत बसतात आणि 'राइस', म्हणजे तांडेल, धक्क्यावरून ओरडून त्यांना दिशा दाखवतो. हा शब्द अरबी आहे. सिसिलीवरील अरब राजवटीची ती खूण. मासा सापडतो, जखमी होतो, निसटतो, पुन्हा सापडतो, पुन्हा निसटतो. अखेरीस नाव उलटते, मच्छीमार पाण्यात पडतात आणि काठावर हशा पिकतो.

कादंबरीत नाव बुडते आणि एक कुटुंब मोडते. उत्सवात तीच नाव उलटते आणि गाव हसते. आयुष्यभर ज्या भयाच्या संगतीत राहायचे, त्याला वर्षातून एकदा हसून घेण्याची ही रीत आहे. वेर्गांच्या करुणेत जे दिसत नाही आणि व्हिस्कोंतींच्या संतापात जे मावत नाही, ते येथे सापडते : पराभवाकडे पाहण्याची गावाची स्वतःची नजर.

आज गावात 'मेडलरच्या झाडाचे घर' या नावाचे संग्रहालय आहे. कादंबरी आणि चित्रपट यांच्या स्मृती तेथे जपल्या आहेत. मालाव्होल्या कुटुंब काल्पनिक असल्याने ते घर त्यांचे असण्याचा प्रश्नच नाही, तरी वाचक श्रद्धेने येतात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. गावाला जगात ओळख मिळाली ती याच पुस्तकामुळे. परंतु वर्गात ही कादंबरी शिकवताना त्या बंदरातल्या मूकनाट्यालाही एक तासिका द्यायला हवी. ज्यांना आपण साहित्याचा 'विषय' म्हणतो, त्यांच्याजवळ स्वतःची एक संहिता आधीपासून असू शकते. तीत शेवटी मासाच जिंकतो.